वीस पोरांना शब्द दिलाय, मशीन अजून घेतलेलं नाही

वाचकाचं पत्र

ताई, नाशिकच्या अंबड एमआयडीसीत माझं मशीन शॉप आहे. तीन व्हीएमसी (उभी मिलिंग मशीनं), चार सीएनसी लेथ, चोवीस माणसं. आजवर सगळं काम गाड्यांच्या पार्टचं. सहा महिन्यांपूर्वी बंगळूरच्या एका कंपनीकडून प्रवासी विमानाच्या ब्रॅकेट्सची चौकशी आली, ४० पार्ट नंबर. त्यांचा माणूस शॉप बघून गेला आणि म्हणाला, 'फाइव्ह-अ‍ॅक्सिस घ्या, लोडिंग आम्ही देतो.' म्हणजे पाच अक्षांवर चालणारं मशीन घ्या, ते चालू राहील एवढं काम आम्ही देतो. मशीन पावणेदोन कोटींचं आहे, बँक तयार आहे. ओझरच्या एचएएल विमान कारखान्यात तेजसची लाइन सुरू झाल्यापासून जो तो म्हणतोय, आता नाही तर कधी.

दिंडोरी तालुक्यात आमचं गाव. यात्रेत देवळासमोर मी बोलून बसलो की दिवाळीनंतर गावातली वीस पोरं कामाला लावतो. आता रोज कुणाचे तरी वडील फोन करतात. एकाने तर पुण्यातली नोकरी सोडली. माझे वडील एचएएलमध्ये मिगच्या लाइनवर फिटर होते, २००४ साली रिटायर झाले. ते म्हणतात, 'घाई करू नकोस, विमानाचं काम तुला माहीत नाही.' त्यावरून आमचं बोलणं बंद आहे. मशीन घेऊ का? आणि पोरांना काय सांगू?

– एक वाचक, अंबड, नाशिक

उत्तर

दादा, सप्रेम नमस्कार.

मशीन आत्ता घेऊ नका. आणि पुण्यातली नोकरी सोडून आलेल्या त्या पोराला आजच भेटा. फोनवर नको, समोर बसून बोला. त्याची जुनी जागा अजून भरली नसेल तर परत जाता येईल का, हे दोघांनी मिळून बघा. तुमचं मशीन उद्या आलं तरी त्याच्यावर वीस माणसांचं काम वर्ष-दीड वर्ष तरी उभं राहणार नाही. हे त्याला दुसऱ्याकडून कळण्याआधी तुमच्याकडून कळायला हवं.

मी २६ वर्षं मशीन शॉपच्या क्वालिटीत काढली, त्यातली शेवटची चौदा विमानाच्या पार्टवर. त्यामुळे तुमचं पत्र वाचताना मला एक शब्द आठवत राहिला. शॉपमध्ये 'जॉब' म्हणजे चकमध्ये किंवा व्हाइसमध्ये धरलेला तुकडा. गावात 'जॉब' म्हणजे नोकरी. गाडीच्या धंद्यात या दोन्हींचं गणित सरळ असतं. फिक्श्चर, म्हणजे नग धरून ठेवणारी चौकट, एकदा बसलं की महिन्याला तीस-चाळीस हजार नग निघतात, नग वाढले की मशीन वाढतं आणि मशीनमागे माणूस वाढतो. तुम्ही यात्रेत जे बोललात ते या हिशेबाने बोललात. त्यात खोटेपणा नव्हता. पण विमानाच्या पार्टला हा हिशेब लागू होत नाही.

तुमच्याकडे आलेल्या ४० पार्ट नंबरांपैकी बहुतेकांची वर्षाची गरज काहीशे नगांत असेल, काहींची साठ-सत्तरच. ७०७५ अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा घ्यायचा आणि त्यातला ऐंशी-नव्वद टक्के माल कातून काढायचा, उरतो तो ब्रॅकेट. फाइव्ह-अ‍ॅक्सिसचं कौतुक यासाठी की जिथे तीन-चार सेटअप लागायचे तिथे एक-दोनमध्ये काम उरकतं. म्हणजे ते मशीन घेण्याचं कारणच मुळी हाताळणी कमी व्हावी हे आहे. त्याच्यापुढे एक जाणता माणूस पुरतो. तीन पाळ्यांना तीन माणसं. मग वीस पोरं उभी कुठे राहणार?

तरी माणसं लागतात, आणि चांगली लागतात. फक्त ती मशीनपुढे लागत नाहीत, मशीनच्या आजूबाजूला लागतात. कॅम या सॉफ्टवेअरमध्ये मशीनचा प्रोग्राम बसवणारा एक. डीबरिंगला, म्हणजे कापल्यावर कडेला राहिलेली धातूची बारीक बरी काढायला, दोन-तीन जण, कारण विमानाच्या पार्टची प्रत्येक धार हाताने, भिंगाखाली मोडावी लागते. सुटलेल्या एका बारीक बरीपासून पुढे तडा सुरू होऊ शकतो, म्हणून हे काम कुणी फालतू समजू नये. मोजणीला दोन. आणि मालाच्या आवक-जावकीपासून रूट कार्डापर्यंत (नगासोबत फिरणारं नोंदींचं कार्ड) कागद सांभाळणारं एक माणूस, ज्याला कुठलीही नोंद 'नंतर भरू' म्हणून ठेवता येत नाही. तीन पाळ्यांचे तीन धरून हा आकडा नऊ-दहाच्या घरात जातो. एका मशीनमागे नऊ चांगल्या नोकऱ्या, दोन वर्षांत, टप्प्याटप्प्याने. गावाला सांगण्यासारखा खरा आकडा तुमच्याकडे हाच आहे.

यातली पहिली नोकरी मोजणाऱ्याची असू द्या. मशीनच्याही आधी. मालकाला तोंडावर 'हा नग जाणार नाही' म्हणू शकेल असं माणूस शोधा, आणि ते तसं म्हणाल्यावर नग जात नाही याची सवय स्वतःला लावा. गाडीच्या पार्टला पुष्कळदा सॅम्पल तपासून भागतं, जरासं इकडेतिकडे झालं तर ग्राहकाला फोन करून माल घ्यायला लावता येतो. विमानात हे चालत नाही. माप बाहेर गेलं तर ग्राहकाकडे लेखी परवानगी मागायची. ती येईपर्यंत नग लाल पेटीत कुलपात. महिना लागो, दोन लागोत.

हे मी इतकं ठासून सांगतेय त्याला कारण आहे. विमानाच्या कामात नवी असताना मी एका कारखान्यात होते, पुण्याच्या बाजूला. मालक उमदा माणूस होता. विमानाच्या ब्रॅकेटची पहिली मोठी ऑर्डर मिळाली तेव्हा त्याने पेढे वाटले आणि त्या जोरावर अकरा पोरं घेतली. साठ नगांचा लॉट तयार झाला. मापं सगळी बरोबर, फिनिश आरशासारखं. पण मध्येच कुणीतरी एक बार कापून उरलेला तुकडा दुसऱ्या रॅकवर ठेवला होता, आणि रूट कार्डावर हीट नंबर, म्हणजे तो धातू कुठल्या ओतणीतला ते सांगणारा क्रमांक, चढवायचा राहिला होता. कुठला नग कुठल्या बारमधून आला ते सांगता येईना. धातू तोच, मिल तीच, तरी सिद्ध करता येईना. ग्राहकाने साठही नग नाकारले. बाद झालेला विमानाचा पार्ट नुसता भंगारात टाकत नाहीत, कुणी पुन्हा वापरू नये म्हणून तो मोडतात. आम्ही प्रत्येक ब्रॅकेटला आरपार भोकं पाडली. साठ वेळा. चार महिन्यांनी ती अकरा पोरं घरी गेली. त्यातली दोघंतिघं नंतर बऱ्याच दिवसांनी भेटली, तरी मला त्यांच्या डोळ्यांत बघून बोलता आलं नाही, कारण ते कार्ड माझ्या टेबलावरून पुढे गेलं होतं.

कागदाचं महत्त्व मोठ्या कंपन्यांनाही चुकत नाही. ५ जानेवारी २०२४ ला अमेरिकेत पोर्टलंडहून निघालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ मॅक्स ९ विमानाच्या दाराच्या जागी बसवलेली झाकण-पट्टी हवेत निखळून गेली. सुदैवाने कुणी दगावलं नाही. तपासात कळलं ते असं: बोइंगच्या कारखान्यात शेजारचे रिव्हेट दुरुस्त करायला ती पट्टी उघडली होती. परत लावताना तिला जागेवर धरणारे चार बोल्ट बसवलेच नाहीत, आणि ती उघडल्याची नोंद सापडली नाही. नोंद नाही म्हणून तपासणीही झाली नाही. त्यानंतर अमेरिकेच्या विमान नियामकाने ७३७ मॅक्सचं उत्पादन महिन्याला ३८ वर रोखून धरलं आणि ती मर्यादा २०२५ च्या ऑक्टोबरपर्यंत तशीच राहिली. एका न केलेल्या नोंदीचा फटका जगभरातल्या छोट्या शॉपांच्या लोडिंगला बसला, ज्यांचा त्या दाराशी काही संबंध नव्हता.

यातून 'लोडिंग आम्ही देतो' या वाक्याकडे येऊ. हे वाक्य म्हणणारा माणूस खोटं बोलत असेल असं मला वाटत नाही. पण लोडिंग त्याच्याही हातात नसतं. २०२० च्या एप्रिलमध्ये एअरबसने ए-३२० चं उत्पादन महिन्याला ६० वरून ४० वर आणलं. तो निर्णय कोविडमुळे तुलूझमध्ये झाला आणि त्याची झळ बेळगाव-बंगळूरच्या शॉपांपर्यंत आली. आपल्या घराजवळचंच बघा. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरला तेजस मार्क १ए ची लाइन सुरू झाली, वर्षाला आठ विमानांची. तिथेच एचटीटी-४० या प्रशिक्षण विमानाचीही लाइन आली. २०२४ च्या डिसेंबरात आणखी १२ सुखोईंचा करार झालेला होताच. नाशिककर म्हणून मलाही त्या दिवशी आनंद झाला. पण तेजसच्या ८३ विमानांचा करार २०२१ च्या फेब्रुवारीतला, आणि त्यांच्यासाठी मागवलेल्या अमेरिकन इंजिनांपैकी पहिलं हातात पडलं २०२५ च्या मार्चमध्ये. तुमचा ब्रॅकेट वेळेत तयार झाला तरी विमान इंजिनाची वाट बघत उभं राहू शकतं. तेवढा काळ तुमच्या ब्रॅकेटची पुढची ऑर्डर निघत नाही. तुमच्या वडिलांच्या पिढीने आणि त्यांच्यानंतरच्यांनी ओझरमध्ये हे पाहिलंय: सुखोईच्या मोठ्या ऑर्डरी संपत आल्या तेव्हा नव्या विमानाचं काम आटलं आणि त्यावर चालणाऱ्या सातपूर-अंबडच्या शॉपांनी पुन्हा गाड्यांचे पार्ट धरले. घाई करू नकोस असं ते म्हणतात तेव्हा त्यामागे ही वर्षं असणार.

आता पैशाचं मांडू. पावणेदोन कोटींचं कर्ज सात वर्षांसाठी आणि व्याज दहा टक्के धरलं तर हप्ता जवळजवळ २ लाख ९० हजार. वीस पोरांना १६ हजार पगार, त्यावर पीएफ, ईएसआय, बोनस धरून माणशी वीस हजार, म्हणजे ४ लाख. महिन्याला ७ लाख जायला लागतील. ग्राहकाची मंजुरी, पहिल्या नगाची तपासणी आणि नियमित ऑर्डर यांत अठरा महिने सहज जातात. तोवर सव्वा कोटी तुमच्या गाड्यांच्या पार्टच्या नफ्यातून काढावे लागतील. तेवढा निघतो का ते तुम्हालाच माहीत. निघत नसेल तर विमानाचं काम येण्याआधी आज काम करणारी चोवीस माणसं अडचणीत येतील, आणि त्यांना तर कुणी काही विचारलेलंच नाही.

सरकारी मदतीचं म्हणाल तर आहे, तिचा उपयोग जरूर करा. प्रधानमंत्री विकसित भारत रोजगार योजनेत १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात लागलेल्या नव्या माणसांमागे मालकाला महिन्याला मदत मिळते. पन्नासपेक्षा कमी माणसं असलेल्या शॉपने किमान दोन माणसं वाढवून ती सहा महिने टिकवायला हवीत. १० ते २० हजार पगाराला महिना २ हजार, दोन वर्षं, आणि कारखानदारीत आणखी दोन वर्षं. पहिल्यांदाच पीएफमध्ये येणाऱ्या पोराला त्याच्या खात्यात १५ हजारांपर्यंत दोन हप्त्यांत मिळतात. चांगली योजना आहे. पण वीस माणसांवर ती ४० हजार देईल आणि पगार चार लाखांचा असेल. दहावा हिस्सा मिळतो म्हणून कुणी माणूस घेऊ नये. जो घ्यायचाच आहे त्याच्यासाठी ती घ्या. बिनतारण कर्जाची हमी देणारी सीजीटीएमएसई योजनाही बँकेला विचारा, म्हणजे राहतं घर गहाण पडणार नाही. घराचा कागद बँकेत ठेवण्याचा विचार असेल तर तो आजच सोडा, हे मी हात जोडून सांगते.

मग करायचं काय? त्या ४० ड्रॉइंगांतून तुमच्या आत्ताच्या व्हीएमसीवर होतील आणि पुढेही तिथेच राहतील असे पाच-सहा पार्ट निवडा. 'पुढेही तिथेच' असं मुद्दाम म्हणते, कारण एकदा मंजूर झालेला पार्ट दुसऱ्या मशीनवर किंवा दुसऱ्या पद्धतीने करायला घेतला की पहिल्या नगाची तपासणी, निदान काही भागाची, पुन्हा करावी लागते. साधे क्लिप, शिम, कोनाचे ब्रॅकेट असतीलच. त्यांचेच दर द्या. बंगळूरला स्पष्ट लिहा की या पाच-सहांवर आम्हाला जोखा, फाइव्ह-अ‍ॅक्सिसचं त्यानंतर बोलू. या उत्तरावर ते गप्प झाले तर तुमचे पावणेदोन कोटी वाचले असं समजा.

त्याच पत्रात विचारा: हे पार्ट कुठल्या विमानाचे? माल तुम्ही देणार की आम्ही आणायचा, आणि आम्ही आणायचा तर कुणाकडून? अ‍ॅनोडायझिंग आणि हीट ट्रीटमेंट कुठल्या मंजूर ठिकाणी? पैसे किती दिवसांत? आम्ही एकटेच पुरवठादार की आणखी कुणी? दीर्घ करार करणार असाल तर त्यात नगांची हमी आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर बहुधा 'नाही' येईल. अशा करारांत दर आणि वाटा ठरतो, नग ठरत नाहीत. ते वाईट नाही, पण बँकेला दाखवायच्या कागदात तो आकडा उत्पन्न म्हणून मांडू नका.

दुसरं, एएस ९१०० या विमान उद्योगाच्या गुणवत्ता सर्टिफिकेटच्या मागे आजपासून लागा. ते आयएसओ ९००१ वरच उभं आहे, तुमच्याकडे आयएसओ असेल तर निम्मी वाट चाललेली आहे. मनापासून केलं तर आठ-दहा महिने लागतात, कारण पद्धत नुसती लिहून भागत नाही, ती काही महिने चाललेली दाखवावी लागते. पंधरा दिवसांत सर्टिफिकेट आणून देतो म्हणणारे एजंट तुमच्या गेटवर येतील. त्यांना चहा पाजून परत पाठवा. खरं सर्टिफिकेट ओएसिस नावाच्या आंतरराष्ट्रीय नोंदवहीत दिसतं, आणि ग्राहक तिथेच बघतो. पुढे एचएएलकडे वळलात तरी हे लागेलच. लष्करी विमानाला त्यावर डीजीएक्यूए या संरक्षण खात्याच्या गुणवत्ता यंत्रणेची नजर असते, तो वेगळा दरवाजा आहे. दोन्ही दरवाजे एकदम ठोठावू नका.

तिसरं, एक खोली बांधा. पंधरा बाय बारा चालेल, पण एसी बंद पडणार नाही अशी. मोजणी २० अंशांवर धरतात. मे महिन्यात तुमच्या शॉपमध्ये ३५ अंश असताना ३०० मिलिमीटरचा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा सुमारे ०.१ मिलिमीटरने वाढलेला असतो. ड्रॉइंगवरचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, त्याहून कमी असेल तर ऑपरेटर कितीही हुशार असो, माप चुकणारच. सीएमएम हे मोजणीचं मशीन लगेच घेऊ नका, पहिले सहा महिने एनएबीएल मान्यता असलेल्या प्रयोगशाळेत नग नेऊन मोजा आणि त्या अहवालांवर तुमचं माणूस शिकू द्या. पहिल्या नगाच्या तपासणीत ड्रॉइंगवरच्या प्रत्येक मापाला, प्रत्येक टिपेला नंबर घालायचा असतो आणि प्रत्येकापुढे मोजलेला आकडा भरायचा असतो. तीन फॉर्म असतात: एक पार्टचा, एक मालाचा आणि प्रक्रियांचा, एक मापांचा. पहिल्या वेळी तुमचा आठवडा जाईल. जाऊ द्या.

एखादा फाइव्ह-अ‍ॅक्सिसचा पार्ट करायचाच झाला तर नाशिक-पुण्यात मशीनचे तास भाड्याने मिळतात. पण ग्राहकाच्या लेखी परवानगीशिवाय विमानाचा पार्ट दुसऱ्याच्या शॉपमध्ये नेऊ नका. एकदासुद्धा नाही, डिलिव्हरी कितीही अंगावर आली तरी.

गावाकडे जा. तुम्ही जिथे शब्द दिलात तिथेच, देवळासमोर, लोकांना बोलावून बसा. सरपंचांमार्फत निरोप धाडू नका. सांगा की वीस म्हणालो ते चुकलो. या वर्षी तीन, पुढच्या वर्षी काम लागलं तर आणखी पाच-सहा, आणि कुणीही हातातली नोकरी सोडून येऊ नये. लाज वाटेल. पण दिवाळीनंतर वीस जणांना घेऊन होळीला सतरा जणांना घरी पाठवण्याची लाज याच्या कितीतरी पट असते. मी ती बघितलीय.

तीन का? तुमची माणसं चोवीस. अ‍ॅप्रेंटिसशिपच्या नियमांनुसार शॉपच्या मनुष्यबळाच्या १५ टक्क्यांपर्यंत शिकाऊ घेता येतात, म्हणजे तीन. तुमच्याएवढ्या शॉपला ते सक्तीचं नाही, तीस माणसांपासून सक्ती लागते. तरी घ्या. विद्यावेतनातला काही भाग केंद्र सरकार उचलतं. आयटीआय झालेली मशीनिस्ट, टर्नर, फिटर अशी पोरं गावात असतीलच, त्यांतून निवडा. आणि एक जागा मुलीसाठी ठेवा. डीबरिंग आणि मोजणी या दोन्ही कामांत मला लाभलेली सगळ्यात भरवशाची माणसं तिशीच्या आतल्या मुली होत्या. त्यातल्या एकीने माझी चूक माझ्यासमोर लाल शाईने लिहिली होती. दिंडोरीहून अंबडला ये-जा कशी होणार, दुसऱ्या पाळीनंतर गाडी कोण सोडणार, हे मात्र तिच्या आईवडिलांनी विचारण्याआधी तुम्ही सांगा. गणित बरं असलेला एखादा पोरगा दिसला तर त्याला छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये सीएनसी आणि कॅमच्या कोर्सला धाडा, अर्धी फी तुम्ही भरा. दोन वर्षांनी फाइव्ह-अ‍ॅक्सिस घ्याल तेव्हा त्याचा प्रोग्रामर गावचा असेल. बाहेरून आणलेला प्रोग्रामर दुसऱ्याने पाच हजार जास्त दिले की जातो, आणि मग ते मशीन झाकून ठेवावं लागतं. असं झाकलेलं मशीन मी अंबडमध्येच पाहिलंय, त्याचे हप्ते मात्र चालू होते.

पुण्याहून आलेल्या पोराचं पुन्हा सांगते. त्याला परत जाता आलं नाही तर त्या तिघांत पहिला हक्क त्याचा. त्याला विमानाच्या नाही, गाडीच्या कामावर घ्या, पूर्ण पगारावर, आणि वर्षभर ती जागा हलवू नका. हा तुमच्या खिशाला बसणारा भुर्दंड आहे हे मला कळतं. तरी तो तुमचाच आहे.

आता वडील. मिगच्या लाइनवर तीस-पस्तीस वर्षं काढलेला फिटर तुमच्या घरात बसलाय आणि तुम्ही बंगळूरहून आलेल्या माणसाला विचारताय, याचं मला फार वाईट वाटलं. पाळी संपताना प्रत्येक हत्यार आपापल्या खाचेत आलं का ते मोजायचं, एक पाना जरी कमी निघाला तरी तो सापडेपर्यंत विमान पुढे सरकवायचं नाही, ही सवय तुमच्या चोवीस माणसांना पुस्तकातून लागणार नाही. एएस ९१०० चा सल्लागार तुम्हाला याच गोष्टीचे पैसे लावेल. वडिलांना आठवड्यातून दोन दिवस शॉपवर यायला सांगा. हत्यारांचा फळा त्यांच्या हाताने आखून घ्या. कामगारांसमोर त्यांना बाबा म्हणा आणि ते म्हणतील ते लिहून घ्या.

बोलणं कसं सुरू करायचं असा प्रश्न पडला असेल. माफी वगैरे राहू द्या, ती त्यांनाही ऐकवणार नाही. संध्याकाळी त्या ४० पैकी एका ड्रॉइंगची मोठी प्रिंट काढा, त्यांचा चष्मा शोधून द्या आणि ती पुढ्यात पसरा. ते मापांकडे आधी बघणार नाहीत. कोपऱ्यातल्या टिपा वाचतील, मग विचारतील, 'ही चौथी टीप तू वाचली होतीस का?' नसेल वाचली, तर नाही म्हणून सांगा.